काचेचं कॅबिनेट, लोखंडाची पट्टी

आधीच सांगते, हे कुणालाच माहीत नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्याचा हात भाजला त्या माझ्या भावाला तर नाहीच. एका माणसाला माहीत आहे, पण तो बोलत नाही—आणि तो का बोलत नाही, याचीच मला निम्मी भीती वाटते. रविवारी विहारात वंदनेला बसले की पंचशीलातल्या चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज आपोआप बारीक होतो. शेजारी बसणाऱ्या काकूंना वाटतं माझा घसा बसलाय. एकदा त्यांनी मला पर्समधून खडीसाखर काढून दिली. मी घेतली. खाल्लीही. आता बोला.

गोष्ट एका कॉम्प्युटरच्या डब्याची आहे. दुकानात त्याला कॅबिनेट म्हणतात. आणि त्या डब्याच्या आत मागच्या बाजूला बसवतात त्या पॉवर सप्लायची—विटेएवढी वस्तू, भिंतीतली वीज घेते आणि आतल्या सगळ्यांना वाटते. एवढ्याशा वस्तूला काय घाबरायचं, असं तुम्ही म्हणाल. पण त्याआधी मला बाबांच्या हाताबद्दल सांगितलं पाहिजे. ते कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

बाबा तीस वर्षं भिवंडीत सुताच्या एका गोदामात काट्यावर होते. ट्रकमधून सुताची पोती उतरायची, काट्यावर चढवायची, वजन ओरडून सांगायचं, मुकादमाने लिहून घ्यायचं. तीस वर्षं एवढंच. होता होता काटा बाबांच्या हातातच उतरला. पोत्याखाली हात घालून जरासं उचललं की ते आकडा सांगायचे, आणि काट्यावर तोच भरायचा. गल्लीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे काटेवाले मामा म्हणतात. आणि आमच्या गल्लीत एक रीत पडली होती. दवाखान्यातून बाळ घरी आलं की आधी मामांच्या हातात द्यायचं. लूमवाल्या उत्तर प्रदेशच्या बाया, तेलुगू बाया, आमच्यातल्या, सगळ्या यायच्या. बाबा हात धुऊन, पुसून, बाळ दोन्ही तळव्यांवर घ्यायचे, अलगद दोनदा खाली-वर करायचे आणि वजन सांगायचे. मग दवाखान्याचा कागद उघडायचा. जुळलं की सगळी गल्ली हसायची. बाबांना पेढा मिळायचा. तेवढाच त्यांचा मान—पण तो मान होता. गरीब माणसाला असा स्वतःचा मान कितीसा मिळतो?

आता कॉम्प्युटर. माझा धाकटा भाऊ नितीन साड्यांच्या काठांची डिझाइनं करायला शिकला होता. कॉम्प्युटरवर काठ काढायचा, तो लूमवर जसाच्या तसा उतरतो. घरी कॉम्प्युटर असेल तर काम घरी येईल, असं त्याच्या सरांनी सांगितलं. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. हातात आलेल्या रकमेतून त्यांनी एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "सुजाता, यातच बसव. वर काय न्हाय." मी वडप्याच्या एका गोदामात ऑफिसला होते, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचे, म्हणून घरात मी तज्ज्ञ. वासरात लंगडी गाय शहाणी.

मी यादी केली. डिझाइनला लागतं ते सगळं घेतल्यावर पाकिटात जे उरलं त्यात दोनच गोष्टी बसवायच्या होत्या—कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय. म्हणजे एक तर साधा काळा पत्र्याचा डबा आणि चांगला सप्लाय. नाहीतर पुढे आणि बाजूला काच असलेलं, आत रंगीत दिवे फिरणारं कॅबिनेट—आणि त्याच्याबरोबर जो फुकट मिळतो तो सप्लाय. दोन्ही चांगलं येत नव्हतं. मी रिक्षात बसून, उभ्याने, जेवताना, सगळीकडे हिशेब करून पाहिला. येतच नव्हतं.

आणि त्याच महिन्यात कल्याणहून मला बघायला पाहुणे येणार होते.

आमचं घर तुम्ही पाहिलेलं नाही. एक खोली, वर माळा, मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना. भिंत दिवसभर थरथरते, मांडणीवरची भांडी आपसात बोलत असतात. सुताची धूळ खिडकी बंद केली तरी येते आणि पापण्यांवर बसते. त्या खोलीत पाहुण्यांना दाखवण्यासारखं काय होतं? स्टीलचे डबे? मला त्या खोलीत एक तरी वस्तू अशी हवी होती की येणाऱ्याने मान वळवावी. ते दिवे मला डोळे मिटले तरी दिसायचे. हौसेला मोल नाही म्हणतात. असतं. ते दुसऱ्याने दिलं की आपल्याला कळत नाही, एवढंच.

घरात ही गोष्ट कशी सांगतात ते आधी सांगते. मी, बाबा आणि नितीन दुकानात गेलो. दुकान इक्बालभाईंचं—अरुंद, वायरी लोंबणारं, पण माणूस सरळ. त्यांनी काउंटरवर दोन सप्लाय ठेवले. बाबांनी विचारलं, यातला चांगला कंचा? मग कुणी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच एक उचलला, तळव्यावर घेऊन दोनदा खाली-वर केला, ठेवला. दुसरा उचलला. पुन्हा पहिला. आणि तोंड भरून हसले. "ह्यो घे पोरी. ह्याच्यात माल हाय. त्यो दुसरा पोकळ हाय." इक्बालभाई "चाचा, वो बात ऐसी है—" असं काहीतरी म्हणायला लागले, तोवर मी म्हटलं, बाबा म्हणतायत तोच द्या. बाबांनी निवडला तो नेमका कॅबिनेटबरोबर फुकट येणारा निघाला. म्हणजे चांगलं ते फुकट मिळालं आणि उरलेल्या पैशांत काचेचं कॅबिनेट आलं! बाबा रिक्षात घरापर्यंत तेच सांगत होते. कॅबिनेटचं खोकं मांडीवर धरून. लहान मुलासारखे.

ही झाली घरातली गोष्ट. आता खरी.

आदल्या दिवशी मी एकटी दुकानात गेले होते.

ऑफिसमधून परस्पर गेले, घरी सांगितलं नाही. इक्बालभाईंना म्हटलं, हे काचवालं घेतलं आणि सोबतचा सप्लाय ठेवला, तर चालेल ना? त्यांनी खालून असाच फुकटातला एक जळका सप्लाय काढला, चार स्क्रू फिरवून वरचं झाकण उघडलं आणि मला आत दाखवलं. आत फारसं काही नव्हतं. थोडं तांबं, दोन-चार सुटे भाग, आणि तळाशी स्क्रूने घट्ट बसवलेली एक जाड लोखंडी पट्टी. तिला ना वायर, ना काही.

"ये वजन के लिए है, ताई," ते म्हणाले. "काम का कुछ नहीं. लोग हाथ में उठाके देखते हैं ना."

मग म्हणाले, डब्बा सादा लो, सप्लाय में कंजूसी मत करो. डब्बा दिखता है, सप्लाय दिखता नहीं, पर जलता वही है. मी विचारलं, पण जळेलच असं नाही ना? त्यावर ते जे बोलले ते मला अजून ऐकू येतं. म्हणाले, "शायद कुछ ना हो. लेकिन आपको मालूम रहेगा."

मला मालूम होतं. म्हणजे बघा—मी फसले नव्हते. कुणी मला फसवलं नव्हतं. मी पट्टी डोळ्यांनी पाहिली होती, बोटाने वाजवूनही पाहिली होती.

आणि तरी मी दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन गेले. का नेलं? मला एकटीला ते घेऊन येता आलं असतं. पण घरी मी सांगून बसले होते की सप्लाय चांगलाच घेणार. ते खोटं माझ्या एकटीच्या डोक्यावर नको होतं. म्हणून निघण्याआधी मी इक्बालभाईंना फोन केला आणि म्हटलं, आम्ही आलो की दोन्ही सप्लाय काउंटरवर ठेवा, बाबांना बघू द्या. मला माहीत होतं बाबा काय करणार. ते हातात घेणार. आणि तो हात काय सांगणार तेही माहीत होतं. ज्या हाताने गल्लीतली सगळी बाळं तोलली, त्या हाताचा मी शिक्का मारून घेतला.

कॉम्प्युटर घरी आला. दिवे लागले. गल्लीतली माणसं बघून गेली. आणि त्या संध्याकाळपासून माझी भीती सुरू झाली.

मी मुळात भित्री, झुरळ दिसलं तरी पाटावर चढणारी. पण ही भीती वेगळी होती. हिला आवाज नव्हता. दारात चप्पल काढायच्या आधी मी वास घ्यायचे. रबर जळल्याचा, वार्निशचा—काही आहे का? आई विचारायची, काय गं, कुत्र्यासारखी हुंगतेस काय? मी म्हणायचे, शेजारी फोडणी जळली वाटतं. एकदा आई कॅबिनेट पुसायला गेली आणि हात मागे घेतला. पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणाली. मी काय सांगितलं असेल? मी सांगितलं, सगळ्याच कॉम्प्युटरना येतात. तू हात लावू नकोस, मी पुसत जाईन. आणि खरंच पुसायचे—पायात रबरी स्लिपर घालून, कोरड्या फडक्याने, श्वास धरून. काचेच्या आत सुताची धूळ साठत होती. पांढरी, मऊ. दिव्यांच्या रंगात ती छान दिसायची, निळी, गुलाबी. मला ती पेटलेली दिसायची.

वडप्याला गोदामांना आग लागणं काही नवीन नाही. बंब सारखे धावतात. आधी आम्ही मानही वर करायचो नाही. आता भोंगा ऐकला की मी खुर्चीतून उठून गेटपर्यंत जायचे, बंब कुठे वळतो ते बघायला. हायवेला सरळ गेला की परत येऊन बसायचे. शहराकडे वळला की नितीनला फोन. काय करतोयस? जेवलास? पंखा चालू आहे ना? तो चिडायचा. म्हणायचा, ताई, तुझं लग्न ठरतंय म्हणून डोकं फिरलंय का? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

लग्न ठरलं होतं, हो. पाहुणे आले, बसले, आणि मुलाने—माझ्या आताच्या नवऱ्याने—कांदेपोहे हातात घेऊन पहिलं वाक्य काय म्हटलं? "कॅबिनेट मस्त आहे. कुणी निवडलं?" बाबा म्हणाले, पोरीनं. आणि आतला माल म्या निवडला. सगळे हसले. मीही हसले. मागच्या भिंतीचे लूम त्या दिवशी बंद होते, शुक्रवार होता, म्हणून तेवढ्या शांततेत मला सप्लायचा बारीक किणकिण आवाज ऐकू येत होता. इतर कुणाला तो ऐकू येत नव्हता.

तुम्ही विचाराल, पगार होता तर गुपचूप नवा सप्लाय का नाही घातलास? घालणार होते. दर महिन्याला घालणार होते. पण मग नितीन विचारेल, कशाला बदलला? बाबा म्हणतील, म्या निवडलेला चांगला न्हाय का? त्यावर काय सांगायचं? म्हणून पुढच्या महिन्यात. मग पुढच्या. भीतीची एक गंमत असते—ती रोज थोडी थोडी खायची सवय झाली की माणूस तिच्यावरही जगतो. असे नऊ महिने गेले.

शनिवारची सकाळ. शुक्रवारच्या सुट्टीनंतर गल्लीतले सगळे लूम एकदम सुरू होतात तेव्हा आमच्याकडे दिवे आधी मिणमिणतात आणि मग भक्कन मोठे होतात. मी ऑफिसला निघाले होते, एका पायात चप्पल होती. दिवे मोठे झाले आणि फट् असा आवाज आला. दिवाळीतला फटाका घरात फुटावा तसा. कॅबिनेटच्या मागून ठिणग्या उडाल्या, धूर आला, आणि काचेच्या आत ती मऊ धूळ—मी पाहिली होती तशीच—सर्रकन पेटली. नितीनचं काम चालू होतं. त्याने वायर उपटायला मागे हात घातला. ओरडला. वायर वितळलेली होती. ती त्याच्या तळव्याला चिकटून आली.

मी काय केलं? मी एका पायात चप्पल घालून दारात उभी राहिले. शेजारच्या रहीमने पाण्याची बादली आणली तर बाबांनी त्याला अडवलं, म्हणाले, पाणी नको, पोरा, करंट हाय, आणि मेन स्विच पाडला, आईने रजई टाकली. सगळं मिनिटभरात झालं. मी उभीच. कारण मला आश्चर्य वाटलं नव्हतं. माझ्या मनात काय आलं, खरं सांगू? "झालं एकदाचं." भावाचा हात जळत होता आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

हे सांगायला कठीण आहे, पण हेही ते नव्हे. सांगायचं ते अजून पुढे आहे.

नितीनला दवाखान्यात नेऊन बँडेज बांधून आणलं. अंगठ्याजवळची दोन बोटं आणि तळवा. दुपारी इक्बालभाई आले, त्यांना कुणीतरी कळवलं होतं. खोलीत गल्लीतली दहा-बारा माणसं जमलेली. त्यांनी जळका सप्लाय काढला, जमिनीवर बसून स्क्रू फिरवले. मी माळ्याच्या शिडीला धरून उभी होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की उघडू नका. झाकण निघालं आणि आगीत सैल झालेली लोखंडी पट्टी टणकन फरशीवर पडली.

बाबा वाकले. त्यांनी ती उचलली, तळव्यावर घेतली. सवयीने दोनदा खाली-वर केली. "ह्ये कशाला व्हतं आत?" त्यांनी विचारलं. इक्बालभाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. रागाने नाही. वाट बघत होते ते. मी बोलेन म्हणून.

आणि मी बोलले. इतक्या माणसांत, भाऊ कोपऱ्यात हात वर धरून बसलेला असताना, मी बोलले—

"बाबांनीच हातात घेऊन निवडला होता."

बस. हेच ते. हे वाक्य आजवर मी पुन्हा उच्चारलेलं नाही. त्यात खोटं काय आहे, सांगा? एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच ते इतकं चांगलं बसलं.

बाबांनी पट्टीकडे पाहिलं, मग हाताकडे. म्हणाले, "हां. खरं हाय. म्याच निवडला." आणि नितीनकडे वळून, अगदी हळू, "माजी चूक झाली रे बाबा." माझ्या बाबांनी माझ्या भावाची माफी मागितली, माझ्यादेखत, माझ्यासाठी, आणि मी शिडी धरून उभी राहिले. मला त्या वेळी आगीची भीती नव्हती, नितीनच्या हाताची नव्हती. फक्त एकच होती—इक्बालभाई आता तोंड उघडतील. त्यांनी उघडलं नाही. त्यांनी स्क्रू गोळा केले आणि दाराशी बाबांना म्हणाले, चाचा, मेरी भी गलती है, बताना चाहिए था. बाहेर गल्लीत लोकांनी त्यांनाच चोर ठरवलं. कुणी कुणी त्यांच्याकडे जायचं सोडलं. माझं लग्न महिन्यावर होतं. त्यासाठी ते गप्प राहिले का? त्यांना दोन मुली आहेत. मी कधी विचारलं नाही. त्या रस्त्याने मी जात नाही, लांबून जाते. एकदाच समोरासमोर आले, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "भाई का हाथ कैसा है?" मी म्हटलं, ठीक है.

ठीक नाही. दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. नितीन आता माउस डाव्या हाताने धरतो, काम करतो, पण पूर्वीसारखं भरभर नाही. कुणीतरी सांगितलं, वज्रेश्वरीच्या गरम कुंडात हात शेकला तर शिरा मोकळ्या होतात. बाबा त्याला सहा-सात रविवार एसटीने घेऊन गेले. एकदा मीही गेले होते. नितीन पायरीवर बसून हात बुडवून होता, आणि शेजारी बाबा—त्यांनीही आपला उजवा हात पाण्यात घातला होता. मी विचारलं, तुमचा कशाला? ते म्हणाले, "असाच."

त्यानंतर बाबांनी कधी काही तोललं नाही. भाजीवाल्याकडे गेले की म्हणायचे, काट्यावर टाक. गल्लीत रहीमच्या घरी मुलगा झाला, त्याची बायको शबाना बाळ घेऊन आली, हौसेने, डोळ्यांत काजळ घालून. बाबांनी हात मागे बांधले. म्हणाले, "बेटा, कागदावर जो लिखा है वही सही." ती तशीच उभी राहिली, मग आईने बाळ घेतलं. पुढे बाया यायच्या बंद झाल्या. एक रीत होती, ती गेली, आणि ती का गेली ते गल्लीत सगळ्यांना माहीत आहे—काटेवाल्या मामांचा हात चुकला, पोराचा हात जळला. असं म्हणतात. माझ्यासमोरही म्हणतात.

ती पट्टी बाबांनी टाकली नाही. खिडकीत असते, वर्तमानपत्रांवर वजन म्हणून. माहेरी गेले की माझी नजर आधी तिकडे जाते. कधी कधी बाबा बोलता बोलता ती उचलतात, हातात धरतात आणि विचार करत बसतात. त्या वेळी माझं सगळं अंग कान होऊन जातं. आता विचारतील का? इतकी जड पट्टी आत आहे हे दुकानदाराला ठाऊक होतं, मग तो बोलत होता तेव्हा तू त्याला मध्येच का तोडलंस, असं कधीतरी त्यांच्या लक्षात येईल का? तीस वर्षं काट्यावर उभा राहिलेला माणूस आहे. हिशेब उशिरा जुळतो, पण जुळतो. मग वाटतं, जुळलाच असेल तर? कळलेलं असेल आणि तेही इक्बालभाईंसारखेच गप्प असतील तर? हा विचार मला सगळ्यात जास्त घाबरवतो. खाई त्याला खवखवे म्हणतात—मला तीन वर्षं खवखवतंय.

आणि आता शेवटचं. मागच्या महिन्यात मला मुलगी झाली. बाबा दवाखान्यात एकटेच आले, आई डबा घेऊन मागून येणार होती. नवरा खाली औषधं आणायला गेला होता. खोलीत मी, बाबा आणि ती. बाबा दारातच नळावर हात धुऊन आले, रुमालाने पुसले. सवय जात नाही. मी तिला उचलून त्यांच्या हातांवर ठेवली—मीच, मुद्दाम. त्यांनी तिला दोन्ही तळव्यांवर घेतलं, आणि मी पाहिलं, त्यांचे हात अलगद खाली गेले, वर आले. एकदा. दुसऱ्यांदा खाली गेले आणि तिथेच थांबले. ओठ हलले होते. आकडा आला होता, मला दिसला. त्यांनी तो गिळला.

"काट्यावर किती भरली?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, दोन किलो आठशे.

"बरं," ते म्हणाले. "काटा खोटं न्हाय बोलत."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. नवरा यायला अजून वेळ होता. बाबा माझ्याकडे बघत होते, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत होते. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.

मी म्हटलं, "बाबा, तिची मान सांभाळा."